डब्याखाली शिरायच्या आधी: लाल झेंडा कसा लावायचा, कोणी काढायचा

नवीन पोरं यार्डात आली की पाना कुठला, जॅक कुठे ठेवतात हे सगळं विचारतात, पण खाली माणूस आहे, गाडी हलवू नका, असं सांगणाऱ्या लाल झेंड्याचं कोणी विचारत नाही. म्हणून लिहितोय.

माझंच सांगतो. बरीच वर्षं झाली, पावसाचे दिवस, मालगाडीच्या वॅगनखाली उताणा पडून ब्रेक ब्लॉक बदलत होतो, दोन्ही टोकांना झेंडे मीच लावलेले. पलीकडे दुसऱ्या टोळीचं काम आटोपलं आणि त्यांच्यातल्या एकाने जाता जाता माझाही झेंडा गुंडाळून काखेत मारला, भिजतोय बिचारा म्हणून. मला कळलं ते कपलिंगच्या, म्हणजे डबे जोडणाऱ्या कड्यांच्या, खडखडाटाने. चाक वीतभर सरकलं आणि थांबलं. बाहेर आलो तेव्हा पाना चाकाखाली चेपलेला.

तर ज्याने लावला त्यानेच काढायचा. एका रेकवर, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या एका गाडीवर, दोन टोळ्या असतील तर दोघांचे झेंडे वेगवेगळे. अमेरिकेत यासाठी निळा झेंडा असतो आणि ज्या गटाने लावला त्याच गटाने तो काढायचा असं तिथल्या कायद्यातच आहे, आपल्याकडे लाल, पण डोकं तेच वापरायचं.

आता क्रम बघा. आधी स्टेशन मास्तरला कळवायचं, ते पण कागदावर, नुसतं ओरडून नाही. मग झेंडा दोन्ही टोकांना, कारण लूप लाइनला, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळाला, इंजिन कुठूनही येऊ शकतं, आणि इंजिन जोडलेलं असेल तर लोको पायलटला तोंडानेही सांगा. हँडब्रेक आवळा, चाकाला गुटका (पाचर) लावा, यार्ड सपाट दिसतं म्हणून फसू नका. त्यानंतरच खाली जायचं. काम झालं की माणसं मोजा (एक जण नेहमी मोबाइल घेऊन लांब गेलेला असतो), सगळे बाहेर दिसले की मग झेंडा काढा. रात्री झेंड्याच्या जागी लाल बत्ती.

"इंजिन येताना ऐकू येईलच की" असं म्हणणारे भेटतात. डिझेल लांबूनच धडधडत यायचं, पण कोकण रेल्वे 2022 ला पूर्ण इलेक्ट्रिक झाली, आणि पत्र्यावर जुलैचा पाऊस कोसळत असेल तर शेजारचा माणूस काय बोलतो तेही कळत नाही. कोलाडला रो-रोच्या वॅगनवर ट्रक चढवून बांधणाऱ्यांनाही हेच लागू, ट्रकचं इंजिन चालू असलं की कानाचा उपयोग शून्य.

रुळांवर काम असेल तर हिशोब वेगळा. कामापासून 600 मीटरवर बॅनर फ्लॅग, म्हणजे दोन काठ्यांत ताणलेलं लाल कापड रुळांवर आडवं, आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके, म्हणजे चाक वरून गेलं की मोठा आवाज करून पायलटला सावध करणारे. फटाके लावणाऱ्याने तिथून निदान 45 मीटर लांब उभं राहायचं. आपल्या कोकण रेल्वेवर 91 बोगदे, शिवाय कटिंगा (डोंगर कापून काढलेल्या वाटा) आणि वळणं, पायलटला झेंडा दिसेपर्यंत उशीर झालेला असू शकतो, म्हणून अंतर पावलांनी नीट मोजा, नजरेने नको.

राहिलं कापड. खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात लाल रंग गाजरासारखा होतो, मग लांबून तो कपडे वाळत घातल्यासारखाच दिसतो. पावसात झेंडा भिजून काठीला चिकटतो आणि काठीच तेवढी दिसते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना आडवी बारीक काठी बांधा, कापड उघडं राहतं. रंग गेला की झेंडा टरकन फाडून टाका, तेल पुसायलासुद्धा ठेवू नका, तो फिरून पिशवीत येतोच.