गेनशिन इम्पॅक्ट या गेममध्ये फुकटातली पण तगडी टीम कशी लावायची

लातूरला आमच्या हॉस्टेलवरची पोरं पाच स्टारच्या दुर्मिळ कॅरेक्टरच्या मागं लागून प्रिमोजेम (गेममधलं चलन) उडवायलेत, अरे पण चार स्टारवरच जमतंय की, नीट ऐका. शांगलिंग ही आगीची कॅरेक्टर स्पायरल अबिसचा (गेममधला मजल्यामजल्यानं लढायचा भाग) तिसरा मजला संपवला की फुकटच मिळती, तिला बेनेट, शिंगचिऊ आन् सुक्रोज जोडा. आता क्रम लई महत्त्वाचा हाय, फोडणीच्या आधी वरण ओतलं तर चव येत नाही तसंच इथं. आधी शिंगचिऊचा पाण्याचा बर्स्ट (एनर्जी भरली की टाकायचा मोठा वार) टाका, तो 15 सेकंद राहतो, मग बेनेटचा, त्यानं जमिनीवर अटॅक वाढवणारा गोल पडतो, मग सुक्रोजनं भोवरा मारायचा, आन् बेनेटच्या गोलात उभं राहूनच शांगलिंगचा बर्स्ट टाकायचा, कारण टाकताना जेवढा अटॅक असतो तेवढाच तो शेवटपर्यंत धरून ठेवतो, गोल नंतर गेला तरी फरक नाही. शत्रू पाण्यानं भिजलेला असला आन् वरून आग लागली की व्हेपराइज, डॅमेज दीडपट. तिचा बर्स्ट 80 एनर्जीचा हाय म्हणून एनर्जी रिचार्ज (एनर्जी लवकर भरणारा आकडा) भरपूर लागतो, क्रिटच्या (मधूनच जादा डॅमेज बसण्याच्या) नादात हे विसरू नका गड्यांनो.

दुसरी टीम हायपरब्लूम. डेंड्रो (वनस्पतींचं एलिमेंट) ट्रॅव्हलर म्हणजे गेमचा मुख्य नायक, शिंगचिऊ, कुकी शिनोबू, चौथा कुणीबी. पाणी आन् डेंड्रोनं बिया पडतात, कुकीची वीज लागली की फुटतात, म्हणून कुकीला सगळं एलिमेंटल मास्टरीच (अशा रिअ‍ॅक्शनचा डॅमेज वाढवणारा आकडा) घाला आन् तिची लेव्हल आधी 90 करा, मला तर नवीन माणसासाठी हीच टीम जास्त आवडती.