संकल्प जानेवारीत, वर्ष मुंबईत : या चुका टाळा

जानेवारीत मुंबईकराला काहीही जमेल असं वाटतं. पहाटे जरा गारवा असतो, शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी असते आणि तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते. ती सोफ्यावर बसून बघितली तरी पाय शिवशिवतात. या हवेत आखलेला कार्यक्रम मेच्या घामात आणि जूनच्या पावसातही चालेल असं गृहीत धरणं, ही पहिली आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक.

दुसरी चूक म्हणजे काय करायचं ते ठरवायचं, पण कधी आणि कुठे ते मोघम ठेवायचं. 'रोज तासभर व्यायाम' असं लिहिणारा माणूस सकाळी आठला कांदिवलीहून चर्चगेट फास्टमध्ये घुसतो आणि रात्री साडेआठला घरी येतो. मग हा तास नेमका कधीचा? मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं, की 'अमुक झालं की लगेच तमुक करीन' असं आधीच जोडून ठेवलं तर ते काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते.

वाचनाचंच घ्या. सकाळच्या डब्यात हात वर करायला जागा नसते, तिथे पुस्तक कुठून उघडणार? पण संध्याकाळी चर्चगेटहून सुटणारी गाडी रिकामी लागते, एखादी स्लो सोडली तर बसायलाही मिळतं. 'खिडकी मिळो वा चौथी सीट, बसलो की मोबाईल बॅगेत आणि दहा पानं' हा संकल्प टिकतो. 'यंदा पन्नास पुस्तकं' हा फक्त डायरीत शोभतो. बचतीचंही तसंच. महिनाअखेरीला उरेल ते बाजूला टाकू म्हटलं की काही उरत नाही. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची एसआयपी, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप होणारी गुंतवणूक, लावून टाका.

२१ दिवसांत सवय लागते, हे कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतंच. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना नवी सवय लावायला सांगून पाहिलं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणासाठी हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे १ जानेवारीला सुरुवात केली तरी सरासरी माणूस मार्च उजाडेपर्यंत स्वतःला ढकलतच असतो. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही. याच अभ्यासात आणखी एक दिसलं : मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. 'आता खाडा झालाच, पुढच्या महिन्यापासून बघू' हे म्हणणं मात्र महागात पडतं.

जिमची वर्षाची फी एकदम भरू नका, एवढंच. सवलतीच्या मोहात पैसे जातात आणि जिम राहते.

संकल्प आधीच मोडला असेल तर आधी कुठल्या वारी मोडतो ते बघा. नेहमी रविवारीच मोडत असेल, तर मेगाब्लॉक, पाहुणे आणि दुपारची झोप यांच्याशी भांडत बसू नका. तो वार सुट्टीचाच ठेवा. रोज मोडत असेल तर माप निम्मं करा. तरीही जमलं नाही तर वेळ बदला. नव्याने सुरुवात करायला तारीख हवीच असेल, तर गुढीपाडवा आहेच. तोही नव्या वर्षाचाच दिवस, शिवाय तेव्हा ३१ डिसेंबरचं जागरण नसतं.

चालणाऱ्यांनी पावसाळ्याची सोय आत्ताच ठरवून ठेवावी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की बागेतली वाट निसरडी होते आणि फुटपाथवर पाणी साचतं. त्या दिवसांत इमारतीचे जिने चढा किंवा पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते. ती मेमध्येच मागून ठेवा, कारण नंतर ते 'लीकेज आहे' म्हणून देणार नाहीत.