इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल सारखी तुटते? आधी दोऱ्याने माप घ्या

नवी कॉइल ओढत-ओढत बसवली की कुठे वेढे चिकटतात कुठे लांबतात, नि चिकटले तिथे लालभडक होऊन तार जाते.

१. प्लग काढा, प्लेट गार होऊ द्या.
२. प्लेटच्या खाचेत दोरा फिरवून लांबी मोजा.
३. दोन्ही टोकं धरून कॉइल हळूहळू तेवढी ताणा, सोडल्यावर जरा आक्रसते म्हणून पुन्हा मापाला लावून बघा, मग नुसती खाचेत ठेवायची नि टोकं स्क्रूखाली घट्ट.

तुटकी कॉइल कापून आखूड करू नका, रेझिस्टन्स कमी झाला की करंट वाढतो. आणि हिवाळ्यात भरताचं वांगं उघड्या कॉइलवर भाजायचा मोह आपल्याकडे सगळ्यांनाच होतो, पण ते नको भाऊ, रस गळला की शॉकच, त्याला कपाशीच्या वाळक्या काट्याच बऱ्या.