चांदीकामाच्या टेबलावर घरातल्या वस्तू वापरताय? या चुका टाळा

चांदीकामाला सुरुवात करताना सगळी महागडी हत्यारं लागत नाहीत. सहाण, मेणबत्ती, विणकामाची सुई, गेरू आणि लिंबूसत्त्व एवढ्यावर बरंच काम निघतं. मात्र ती वस्तू का चालते हे माहीत नसेल तर चांगला घडवलेला डागिना शेवटच्या टप्प्यावर बिघडतो.

टाकणखार कोरडाच टाकणे

टाकणखार म्हणजे बोरॅक्स, सोल्डर (सांधा जोडणारा, चांदीच्या आधी वितळणारा धातू) नीट वाहावं म्हणून तो सांध्यावर लावतात. दुकानात मिळणाऱ्या टाकणखाराच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं. त्याची पूड सांध्यावर भुरभुरून गॅसच्या टॉर्चची ज्योत लावली की ती आधी साबुदाण्यासारखी फुगते, मग तिची लाही होते आणि सोल्डरचा मिलिमीटरभर तुकडा उचलून बाजूला फेकते. तो भलत्याच जागी वितळतो आणि पुढचा अर्धा तास कानस चालवण्यात जातो.

खडा सहाणेवर थोड्या पाण्यात उगाळून ताकाइतका दाट करा. ब्रशने सांध्यालाही लावा आणि सोल्डरच्या तुकड्यालाही. ज्योत सुरुवातीला लांबून, गोल फिरवत ठेवा. टाकणखार फुगून खाली बसला आणि काचेसारखा चकाकला की मगच जवळ या. पूर्ण डागिना सारखा तापवा, कारण सोल्डर जास्त तापलेल्या बाजूकडे धावतं. ही सहाण फक्त याच कामाची असू द्या. बाळाची गुटी उगाळायची सहाण यासाठी कधीही घेऊ नका.

आम्लाच्या पाण्यात लोखंड

झाळून, म्हणजे सोल्डरने सांधा जोडून झाल्यावर काळवंडलेली चांदी साफ करायला चिंचेचं किंवा तुरटीचं पाणी जुन्या काळापासून वापरात आहे. आज लिंबूसत्त्व सगळ्यात सोयीचं: 1 लिटर पाण्यात साधारण 100 ग्रॅम, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात. पाणी गरम हवं, उकळतं नको.

पांढरीशुभ्र चांदी बाहेर येण्याऐवजी गुलाबी झाली, तर पाण्यात लोखंड गेलंय हे नक्की समजा. 925 चांदीत 7.5 टक्के दुसरा धातू असतो, बहुधा तांबंच. तापल्यावर त्यावर काळा थर चढतो, तो या पाण्यात उतरतो, म्हणून वापरलेलं पाणी निळसर-हिरवं दिसतं. त्यात लोखंड बुडालं की लोखंड विरघळू लागतं आणि पाण्यातलं तांबं चांदीवर येऊन बसतं. चिमट्याचा संशय सगळेच घेतात, पण खरी चोर बऱ्याचदा बांधणीची लोखंडी तार असते. झाळताना गुंडाळलेली ती तार सोडवायचीच राहून जाते.

पाणी फेकू नका, लोखंड बाहेर काढा. गुलाबी झालेला डागिना वेगळ्या वाटीत ठेवा. त्यात हेच पाणी आणि तेवढंच 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. काही मिनिटांत थर निघतो. पुढच्या वेळी बांबूचा किंवा तांब्याचा चिमटा वापरा. आइस्क्रीमच्या दोन काड्यांनीही भागतं. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यातून डागिना काढा, नाहीतर फटीत राहिलेलं आम्ल नंतर डाग पाडतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. नथीसारखे मोत्यांचे दागिने किंवा पोवळी चिंच-लिंबाच्या पाण्यात घालू नका. मोती आणि पोवळं दोन्ही चुन्याच्या जातीचे, आम्लाने त्यांचा वरचा थर खाल्ला की गेलेली झळाळी परत येत नाही. तसंच बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात. त्यांना ज्योत तर नकोच, पण उकळत्या रिठ्याच्या पाण्यातही घालू नका, लाख मऊ होऊन भोकातून बाहेर येते.

गेरू सांध्यातच भरणे

शेजारचा जुना सांधा सुटू नये म्हणून त्यावर गेरूचा लेप लावतात, तिथे सोल्डर वाहत नाही. पण ब्रश जास्त ओला असला तर गेरू नव्या सांध्यात ओढला जातो आणि मग कितीही तापवा, सोल्डर गोळी होऊन बसतं. म्हणून आधी नव्या सांध्याला टाकणखार लावा, मग जुन्यावर घट्ट गेरू, दोन्हींत थोडं अंतर ठेवून. पूर्ण वाळू द्या. आम्लाच्या पाण्यात टाकण्याआधी गेरू घासून धुवा. काही जण लिखाण खोडायचं पांढरं द्रव वापरतात. गेरू इतका स्वस्त असताना त्या द्रवाचा धूर छातीत कशाला घ्यायचा?

कड्या पकडीने तोडणे

विणकामाच्या सुईवर तार गुंडाळून कड्या छान होतात. 0.8 मिमी तारेच्या, आतून 4 मिमीच्या 100 कड्यांना सुमारे 1.5 मीटर तार लागते. पकडीने तोडलं की तारेचं एक टोक चिमटून टोकदार होतं, दोन टोकं सपाट भिडत नाहीत, आणि सोल्डर काही पुट्टी नाही की फट बुजवेल. कड्या करवतीनेच कापा. पात्याचे दात मुठीकडे, पातं ताणलेलं. बोटाने छेडलं तर स्पष्ट टणकार यायला हवा. पात्याला मेणबत्ती एकदाच हलकी फिरवा. जास्त मेणात कीस अडकतो, पातं अडतं आणि तुटतं. कडी उघडताना टोकं मागे-पुढे सरकवा, बाहेर फाकवू नका.

ताव देताना भरपूर उजेड

चांदी मऊ करायला मंद लालसर झाक पुरते. ती झाक ट्यूबलाइटखाली दिसत नाही आणि चांदी वितळायच्या बेताला येते. दिवा मंद करा. पक्क्या मार्करने एक रेघ ओढलीत तर तीही कामाला येते, ती उडाली की चांदी तावात आली.

सगळा कीस एकाच डब्यात

चांदीचा, पितळेचा आणि सोल्डर असलेला कीस वेगवेगळा ठेवा. करवतीच्या पात्याचे पोलादी तुकडे काढायला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून किसावरून फिरवा, मग पिशवी उलटी करून चुंबक सोडवा, म्हणजे तुकडे पिशवीतच राहतात. टेबलाखालची झाडलोटही टाकू नका, झाडलोटीतून सोनं-चांदी काढणारे झारेकरी ती पैसे देऊन नेतात.