नव्या धनुष्यावरचा ओरखडा कोणाचा? या चुका टाळा

नवे रिकर्व्ह (पुढे वळलेल्या टोकांचे) धनुष्य घेतलेला नवशिका माझ्याकडे येतो तेव्हा त्याला नेम कसा धरावा हे विचारायचे नसते, तक्रार करायची असते. रायझरवर (मुठीच्या मधल्या भागावर) बारीक रेघ आहे, लिम्बच्या (वाकणाऱ्या पात्याच्या) टोकाचा रंग उडाला आहे, स्टॅबिलायझरची (धनुष्य स्थिर ठेवणाऱ्या दांड्याची) छटा रायझरशी जुळत नाही, तेव्हा विक्रेत्याने हे बदलून द्यायला नको का? मी त्याला आधी एवढेच विचारतो की धनुष्यावर स्ट्रिंग (दोरी) चढवली होती का. उत्तर ‘हो’ असले की पुढचे बोलणे अवघड होते. दिसण्यापुरत्या दोषाची जबाबदारी ठरताना तो किती ठळक आहे याला फारसे महत्त्व नसते. तो वापराच्या आधीपासून होता हे दाखवता येते की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

आधी जोडणे, मग पाहणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिचा राग येण्याऐवजी कंटाळा येतो. खोके उघडल्यावर अर्ध्या तासात धनुष्य जोडून, स्ट्रिंग चढवून आरशासमोर ओढून पाहणाऱ्या माणसाला आपण पुरावाच पुसत आहोत याची कल्पना नसते. सुट्या होणाऱ्या धनुष्यात लिम्बचे बूड रायझरच्या खोबणीत सरकते आणि त्याचा दुभंगलेला भाग बोल्टखाली जाऊन बसतो. तिथे धातूवर धातू आणि बोल्टवर लिम्ब घासतो, त्यामुळे पहिल्याच जोडणीत तिथे खुणा पडतात. स्ट्रिंगचा वरचा फासा खालच्यापेक्षा मोठा असतो आणि चढवताना तो वरच्या लिम्बवरून खाली-वर सरकतो, म्हणून तिथली चकाकीही थोडी कमी होते. यानंतर त्या भागातला कोणताही ओरखडा कारखान्यातला, वाहतुकीतला की तुमच्या हातचा, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याच्याच माथी तो बसतो.

हे शहाणपण मला स्वतःच्या फजितीतून आले. माझ्या दुसऱ्या रायझरवर, खरेदीनंतर साधारण महिन्याभराने, स्टॅबिलायझर जिथे बसतो त्या छिद्राभोवती रंग गेलेले एक लख्ख कडे दिसले. मी विक्रेत्याला रंगकामाच्या दर्जाविषयी लांबलचक आणि बरेच उद्धट पत्र लिहिले. त्याने वाद घातला नाही. खोके उघडले त्या दिवशीची छायाचित्रे असल्यास पाठवा, एवढेच कळवले. ती माझ्याकडे होती, कारण मित्रांना दाखवून मिरवायचे म्हणून मीच काढली होती, आणि त्यांत छिद्राभोवतीचा रंग अगदी अखंड होता. रोज सरावाआधी मी मधली चकती न घालता स्टॅबिलायझर जोर लावून आवळत असे, आणि त्याच्या पोलादी कडेने तो रंग महिनाभर खरवडला होता. माफीचे पत्र मात्र मी दोन ओळींत आटोपले.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली आहे. खोके उघडण्याआधी त्याची बाहेरून छायाचित्रे काढतो, विशेषतः चेपलेल्या कोपऱ्यांची. मग प्रत्येक भाग खिडकीजवळ, दिवसाच्या तिरप्या उजेडात फिरवून पाहतो, कारण दिव्याच्या सरळ प्रकाशात निम्मे ओरखडे दिसतच नाहीत. काही आढळले तर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतो आणि त्या रात्री धनुष्य जोडत नाही. ही शेवटची अट नवशिक्यांना सर्वांत जड जाते. वर्षानुवर्षे धनुष्याची वाट पाहिलेल्या माणसाला एक रात्र का थांबवत नाही, हे मला आजवर उमगलेले नाही.

रंगातली रेघ आणि लिम्बमधला तडा यांत गल्लत करणे

येथे दोन्ही टोकांची माणसे भेटतात. काहीजण वरच्या पारदर्शक लेपातील केसासारख्या रेघेला घाबरून अख्खे धनुष्य परत पाठवतात, तर काहीजण खरा तडा ‘किरकोळ’ म्हणून सोडून देतात. लिम्बचा गाभा लाकडाचा किंवा फोमचा असतो आणि त्यावर फायबरग्लास किंवा कार्बनचे थर चिकटवलेले असतात. रेघ केवळ रंगात किंवा लेपात असेल तर तो दिसण्याचा प्रश्न आहे. पण ती लिम्बच्या कडेने, दोन थरांच्या सांध्यातून धावत असेल तर थर सुटू लागले असण्याची शक्यता असते, आणि तिथे रंगरूपाची चर्चा थांबली पाहिजे. मी कडेवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवतो. तंतू जिथे अडकतात तिथे थांबून नीट पाहतो. यासाठी बोट वापरू नये, कारण काचतंतूंची कुसळे त्वचेत शिरली की सहजी निघत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका धनुर्धराच्या नव्या लिम्बच्या कडेला अशी दोन बोटे लांब रेघ होती. विक्रेत्याने ‘रंगातील दोष’ म्हणून किंमत थोडी कमी केली आणि गडी खूश झाला. हा लिम्ब ओढू नकोस असे मी बजावले, तेव्हा म्हाताऱ्याला सगळीकडे तडेच दिसतात, असे त्याने इतरांना सांगितल्याचे पुढे माझ्या कानावर आले. तिसऱ्या दिवशी ती रेघ वीतभर झाली आणि वरचा थर उचलला गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. सवलत घेतली म्हणजे दोष मान्य केला, असे विक्रेत्याचे म्हणणे पडले. पण सवलतीच्या कागदावर फक्त रंगाचा उल्लेख होता, थर सुटण्याचा नव्हता, आणि त्या एका शब्दाच्या बळावर लिम्ब बदलून मिळाला. दोष कबूल करून स्वस्तात वस्तू घेणे यात गैर काही नाही. मात्र कोणता दोष कबूल केला, हे लिहून घ्यावे. अशा रेघेत घरचा गोंद भरण्याची हुशारी केल्यास दावा तिथेच संपतो.

बाकीच्या चुकांना एवढी जागा देण्याची गरज नाही. ॲनोडायझिंगचा, म्हणजे धातूवर विजेच्या प्रक्रियेने आणलेल्या थराचा, रंग प्रत्येक खेपेला किंचित बदलतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या भागांची छटा जुळली नाही तर तो कोणाचाच दोष नसतो. लाकडी धनुष्यावरच्या नैसर्गिक रेषांबद्दल तक्रार करणाऱ्याने लाकडी धनुष्य घेऊ नये. नव्या लिम्बच्या टोकाशी स्ट्रिंगची पुसट खूण दिसली म्हणून तो वापरलेला ठरत नाही, कारण ताण मोजण्यासाठी लिम्ब कारखान्यात ओढून पाहिलेले असू शकतात. तरीही विचारायला हरकत नाही. चिकटपट्टीचा डाग ॲसिटोनने पुसला आणि रंग निघाला, तर तो रंग तुम्ही काढला आहे. कंपाऊंड (चाके असलेल्या) धनुष्याचे भाग योग्य प्रेसशिवाय, म्हणजे लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय, सोडवू नयेत. कोणतेही धनुष्य बाणाशिवाय ओढून सोडू नये; बाणाकडे जाणारी ऊर्जा मग लिम्बमध्येच उरते, आणि त्यानंतर मूळचा दोष कोणता होता हे विचारायला अर्थ राहत नाही.

कार्बनच्या बाणांना मात्र ‘दिसण्यापुरता दोष’ हा शब्द मी लावतच नाही. छापलेले अक्षर घासले असेल तर ठीक. पण नख अडकेल अशी खाच असेल, किंवा बाण दोन्ही हातांनी हलकेच वाकवून फिरवताना करकर ऐकू आली, तर तो न वापरता परत करावा.

तक्रार आधी विक्रेत्याकडे करावी, कारण पैसे त्याने घेतले आहेत. उत्पादकाचे हमीपत्र बहुधा साहित्यातील आणि बनावटीतील दोषांपुरते असते आणि रंगरूपाला त्यातून वगळलेले असू शकते, म्हणून ते खरेदीपूर्वीच वाचावे. मुठीच्या आतल्या बाजूला तांदळाएवढा ओरखडा असेल तर मी स्वतः तक्रार करत नाही, पण पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाने केली तर त्याला चूक म्हणणार नाही. पत्रात संताप नसावा. मी लिहितो ते असे असते : ‘वरच्या लिम्बच्या आतील बाजूस, टोकापासून १२ सेंटिमीटरवर, २ सेंटिमीटर लांबीचा ओरखडा आहे. लिम्ब जोडलेला नाही, स्ट्रिंग चढवलेली नाही. छायाचित्रे सोबत आहेत.’ अशा पत्राला मला बहुतेक वेळा दोन दिवसांत उत्तर आले आहे. रायझरच्या त्या उद्धट पत्राला तीन आठवडे लागले होते.