उजनी धरणात होडीतून चिलापी: पहिल्यांदा गळ टाकताना

चिलापी (तिलापिया) माशाचं तोंड लहान. मोठा गळ लावलात तर ती आमिष कुरतडून पसार होते. म्हणून ८ किंवा १० नंबरचा लहान गळ, वीतभर वर मुगाएवढं शिसं, त्यावर तरंगणारं बूच. अर्धं गांडूळ पुरे. शेपूट लोंबलं की मासा तेवढंच तोडतो.

होडी दोन्ही टोकांनी दगड सोडून बांधा, नाहीतर ती फिरते आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) गुंततो. बूच नुसतं थरथरलं तर थांबा. तिरपं सरकत बुडालं की मनगटानं हलका झटका द्या. जोरात ओढलं तर ओठ फाटतो.

मासा धरताना डोक्याकडून मागे हात फिरवत पाठीचे काटे दाबा. लाइफ जॅकेट अंगातच हवं. वारा वाढू लागला की काठ गाठा.