वरणाचं वरचं पाणी बाळाला आणि आजींना वाढताय? या चुका टाळा

आमच्या घरी सध्या चार पिढ्या आहेत. सासूबाई 79 च्या, मी पन्नाशीची, बाळंतपणाला आलेली लेक अजून इथेच आहे आणि तिचं सात महिन्यांचं बाळ, शिवाय बारावीतली पुतणी. कुकर एकच लागतो आणि ते बरोबरच आहे, प्रत्येकासाठी वेगळं शिजवत बसायची काहीच गरज नाही. चूक होते ती वाढताना. मी स्वतः जवळजवळ महिनाभर काय करत होते तर वरणावरचं निवळ पाणी बाळाला आणि सासूबाईंना, "पचायला हलकं" म्हणून, आणि तळाची घट्ट डाळ आम्हा बाकीच्यांना. म्हणजे ज्या दोघांचे घास मोजकेच, त्यांच्या वाट्याला पाणी. डाळीतली प्रथिनं तळाशी राहतात, वरच्या पाण्यात फारसं काही नसतं हो. आता वाढायच्या आधी रवीने घोटून घेते, मगच वाट्या भरते.

बाळाचं आधी सांगते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको. मधाचं बोट तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही, कितीही जुनी पद्धत असली तरी, कारण मधात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. सहा महिने झाले की वरचं अन्न सुरू, पण ते पातळ नको. मऊ भात, खालची डाळ, अर्धा चमचा तूप, कालवून चमच्याने चिरडायचं बस. चमचा तिरका केल्यावर धार लागत असेल तर समजा पातळ झालंय. मीठ-साखर वर्षभर घालू नका, आपल्याला अळणी लागतं म्हणून बाळालाही लागेल असं नाही. आणि बाळाने घास जिभेने बाहेर ढकलला की लगेच "याला आवडत नाही" म्हणून मोकळे होऊ नका, ते गिळायला शिकतंय, दोन दिवसांनी परत द्या, एखादी चव आठ-दहा वेळा दिल्यावर बसते. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहिलं तर उत्तमच.

वर्षानंतर वेगळाच घोळ सुरू होतो. मूल जेवत नाही म्हणून बाटलीभर दूध, दुधाने पोट भरलं म्हणून मूल जेवत नाही, आणि दुधात लोह जवळपास नसतंच, त्यामुळे गुटगुटीत दिसणारं पोरसुद्धा रक्ताने कमी निघतं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा आणि जेवणानंतर द्या. चहात बुडवलेलं बिस्किट हा खाऊ नाही, कृपा करून.

पुतणीचं प्रकरण बहुतेक घरात सापडेल. सकाळी क्लासची घाई, पोहे चार घास, वर कपभर चहा, पाळी सुरू, आणि मग "काकू, जिना चढताना दम लागतो गं". रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.4, या वयात 12 च्या खाली म्हणजे कमीच. ती एकटी नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के जणींना ॲनिमिया निघाला. खाणं घरात होतंच, अडचण चहाची होती, त्यातले टॅनिन जेवणातलं लोह अडवतात. म्हणून चहा खाण्याच्या तासभर आधी किंवा नंतर, आणि पोह्यांवर लिंबू भरपूर पिळा, उसळीबरोबर पेरू किंवा आवळा, क जीवनसत्त्वाने तेच लोह जास्त अंगी लागतं. पण एवढ्या खाली गेलेलं रक्त नुसत्या खजूर-गुळाने वर येत नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावीच लागते. संडास काळी झाली की पोरी घाबरून गोळी बंद करतात, ते नॉर्मल आहे. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, फक्त दुधाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

लेकीच्या वेळी "दोन जीवांचं खा" खूप ऐकलं. चौथ्या महिन्यापासून साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध, दुप्पट ताट नाही. बाळंतिणीला डिंकाचे-अळिवाचे लाडू जरूर द्या, पण पाणी तोडू नका, दूध पाजणाऱ्या बाईला तर जास्तच तहान लागते.

माझ्या वयाच्या बायकांनो, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं थांबवा आता. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि दही बरं. पाळी जाताना हाडं भराभर झिजतात, नाचणी त्यासाठी सोन्यासारखी, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम.

आणि सासूबाई. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात आणि ते वरणाचं पाणी, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री दूधभात, आणि आम्ही सगळे म्हणायचो "वयोमानाने उतरल्यात". खरं तर स्नायू झडत होते. माणसाला किलोमागे दिवसाला निदान 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या बाईला चाळीसेक ग्रॅम, आणि म्हातारपणी ही गरज कमी होत नाही, भूक मात्र होते. दात नाहीत हे खरं कारण असेल तर अन्न मऊ करा, पातळ करू नका. मुगाची धिरडी, घोटलेलं वरण, दह्यात शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून, त्यात सहा ग्रॅम मिळतात. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. तहानही त्यांना कळत नाही, म्हणून तांब्या समोर ठेवून उपयोग नाही, हातात पेला द्यावा लागतो. शाकाहारी असतील किंवा डायबेटिसची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 तपासून घ्या, हातापायाला मुंग्या आणि विसरणं हे सगळं नुसतं वयाचं नसतं.

वजनकाटा नसला तरी बांगड्या बघा. आमच्या सासूबाईंच्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या आणि आम्ही रोज ते बघत होतो.